विसातून बारा

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या नगरपालिकेचे मुख्याधिकारी देवपूरला माझ्या घरी आले. तिशीतला मुलगा, पायात स्वच्छ बूट, बोलायला गोड. मी गावचं नाव इथं लिहीत नाही. शिंदखेड्याच्या अलीकडे की पलीकडे तेही सांगत नाही, कारण ज्यांच्यावर मी इतकी वर्षं चिडलेली आहे त्यांची नातवंडं माझ्याकडून गणित शिकून गेली आहेत आणि रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करतात. तर हा मुलगा खुर्चीत बसला, चहा घेतला आणि फाईलमधून एक फोटो काढून माझ्यापुढे ठेवला. पालिकेच्या जुन्या अल्बममधला काळापांढरा फोटो होता. दोन वेण्या, लाल रिबिनी (फोटोत त्या काळ्याच दिसतात, पण लालच होत्या) घातलेली सातवीतली पोर मंचावर उभी आहे, तिनं एक मडकं दोन्ही हातांनी डोक्यावर पालथं धरलंय, ते रिकामं आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून. मागे पुढारी टाळ्या वाजवतायत, खाली अख्खं गाव टाळ्या वाजवतंय. "मॅडम, ह्या तुम्हीच ना?" त्यानं कौतुकानं विचारलं. चौकाचं पुनरुज्जीवन होतंय, जुनं व्यापारी संकुल पाडून चौदा नवे गाळे बांधलेत, स्थानिक व्यवसायांना प्रोत्साहन द्यायचंय, आणि सोडत तुमच्याच हातानं व्हावी, म्हणजे परंपरा जपल्यासारखं होईल, असं तो म्हणाला. परंपरा! मी त्याला हाकलून दिलं नाही, ह्याचं आजही मला नवल वाटतं. तो फोटो मात्र ठेवून घेतला. तो समोर ठेवूनच हे लिहितेय.

आमच्या चौकात मधोमध कडुनिंब होता, त्याला दगडी ओटा होता, आणि ओट्यासमोर आमची गिरणी होती. वडिलांना सगळं गाव आबा म्हणायचं, म्हणून आम्हीही आबाच म्हणायचो. पहाटे दूध आलं की आबा खाली जाऊन बटण दाबत. आधी मोटर गुरगुरायची, मग पट्टा फटफटू लागायचा आणि मग दगडांचा तो जड, सलग आवाज सुरू व्हायचा. आम्ही गिरणीच्या मागच्याच दोन खोल्यांत राहायचो, त्यामुळे तो आवाज भिंतीतून यायचा, ताटातून यायचा. तो बंद पडला की आम्हाला जाग यायची. आईच्या भाकरीला एक वेगळीच चव असायची, ती कुणाला सांगून कळायची नाही. दगडांभोवती आणि कापडी नळीखाली सांडलेलं पीठ आबा संध्याकाळी कुंच्यानं गोळा करायचे आणि आमच्या भाकरी त्याच्याच व्हायच्या. त्यात ज्वारी असे, ज्वारी-उडदाचा कळणा असे, कुणाचा गहू, कुणाची चार दाणे डाळ. शेजारणी दळणाला आल्या की आई हसून म्हणायची, "तुमन्या बठ्ठ्यास्ना घरनं आम्हीच खातस," म्हणजे सगळ्यांच्या घरचं आमच्याच ताटात. त्या भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर कच्चं तेल. आता डॉक्टर मला मल्टिग्रेन खा म्हणतात तेव्हा मला हसावं की चिडावं कळत नाही.

चौक कशावर चालायचा हे मला आबांनी कधी सांगितलं नाही, मी ते ओट्यावर बसून पाहिलं. दळण लगेच होत नसतं. बाया सकाळी डबा आणून रांगेत ठेवत. प्रत्येकीचा डबा ठरलेला, कुणाचा पोचे गेलेला, कुणाच्या झाकणावर लाल रंगाचा ठिपका, आणि डब्यानंच नंबर लागायचा, बाईला उभं राहावं लागायचं नाही. डबा रांगेत आणि बाई बाजारात. अर्धा तास, कधी पाऊण तास. तेवढ्यात ती रुक्माबाई कासारणीकडे हात पुढे करून बसायची, पन्नाकाकांच्या कढईतली गरम शेव पोरांसाठी कागदात बांधून घ्यायची, शिंप्याकडे पोलकं टाकायची, कुंभाराकडे मांडे भाजायचं खापर वाजवून पाहायची. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या घरी सोयरीक आली, सगळं त्या पाऊण तासात व्हायचं. बारा दुकानं होती आमच्या चौकात, आणि बाराही दुकानं त्या वाट बघण्यावर जगत होती. एकाही सरकारी अधिकाऱ्यानं आजवर हे कागदावर लिहिलेलं मी पाहिलं नाही. ते चौकाची लांबी-रुंदी मोजतात.

त्या वेळी नगराध्यक्ष होते भाऊसाहेब. पांढराशुभ्र सदरा, प्रत्येकाला नावानं हाक, पोरांच्या डोक्यावर हात. चौक गचाळ झालाय, शहरासारखं पक्कं संकुल बांधायचं, बाराही दुकानदारांना त्यात गाळे मिळतील, कुणावर अन्याय नाही, अशी त्यांनी सभा घेतली. वीस गाळे बांधले. आठ खाली, रस्त्याकडे तोंड करून. चार खाली मागच्या बाजूला, नाल्याकडे. आठ वर, जिन्यानं चढून. बारा दुकानदार आणि वीस गाळे, म्हणजे सोडत हवीच. चिठ्ठ्या मडक्यात टाकायच्या, दुकानदाराचं नाव पुकारायचं आणि चिठ्ठीवर निघेल तो नंबर त्याचा. चिठ्ठी निष्पाप हातानं निघावी म्हणून भाऊसाहेबांनीच माझं नाव सुचवलं. गिरणीवाल्या आबांची पोर, शाळेत गणितात पहिली. आई आदल्या दिवशी माझ्या रिबिनींना चुलीतले निखारे घातलेल्या तांब्यानं इस्त्री करत होती. मला इतका आनंद झाला होता की मी जेवले नाही.

मी बारा चिठ्ठ्या काढल्या. पन्नाकाकांना मागचा, नाल्याकडचा. रुक्माबाईला वरचा. कुंभाराला वरचा. शिंप्याला मागचा. आबांचं नाव पुकारलं तेव्हा मी मडक्यात हात घालून मुद्दाम जरा ढवळलं, तळाची चिठ्ठी धरली, आणि उघडली तर सोळा नंबर. वरच्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला. पिठाची गिरणी, मोटर, दगड, पट्टा, सगळं वर! कुणीतरी हसलं. आबा मंचावर आले, सही केली आणि मला म्हणाले, "काही हरकत नही, बेटा." बारावी चिठ्ठी निघाली तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, दाखव सगळ्यांना, मडकं रिकामं झालं. मी ते डोक्यावर पालथं धरलं. टाळ्या. फोटो.

विसातून बारा गेले तर मडक्यात आठ चिठ्ठ्या उरायला हव्यात. हे दुसरीतलं गणित आहे. मी सातवीत होते आणि गणितात पहिली होते. मडकं रिकामं झालं म्हणून मीच ते सगळ्या गावाला दाखवलं आणि सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. एकाही माणसाला मोजायचं सुचलं नाही. पुढे पस्तीस वर्षं मी वर्गात वजाबाकी शिकवली. दर वर्षी पहिल्या आठवड्यात फळ्यावर वीस वजा बारा लिहायचे आणि पोरांच्या तोंडाकडे बघत राहायचे. पोरं बिचारी आठ म्हणून मोकळी व्हायची.

बारा माणसं आणि एकाच्याही वाट्याला रस्त्याकडचा गाळा नाही, हे लोकांना त्याच संध्याकाळी कळलं. पण गाव काय बोललं? काय हात म्हणायचा पोरीचा! कुणालाच शंका आली नसेल असं मी मानत नाही. पण शंका घ्यायची तर भाऊसाहेबांच्या तोंडावर घ्यावी लागली असती. त्यापेक्षा सातवीतल्या पोरीच्या हाताला नाव ठेवणं स्वस्त पडलं. रुक्माबाई, जी मला लहानपणापासून फुकट बांगडी चढवायची, ती मला पाहून मान वळवू लागली. शाळेत खेळाच्या चिठ्ठ्या काढायच्या झाल्या की पोरी म्हणायच्या, हिला नको. अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, झोका बांधला तर पहिल्या झोक्याची दोरी माझ्या हातून काढून घेतली. आई एकदा रांगेतल्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मन्ही पोरले कोनी काही बोलानं नही." त्यानंतर तोंडावर बोलणं थांबलं, एवढंच. मी हात पाठीमागे धरून चालायला शिकले. ती सवय अजून गेली नाही.

गिरणी वर गेली. चार माणसांनी दगड दोरानं ओढून चढवले. एकवीस पायऱ्या होत्या. दहा किलोचा डबा डोक्यावर, काखेत पोर, एकवीस पायऱ्या चढायच्या आणि पीठ घेऊन पुन्हा उतरायच्या. डबा ठेवून बाजारात जायचं म्हणजे दोनदा चढ-उतार, म्हणून बाया वरच थांबू लागल्या, पदरानं वारा घेत, वैतागत. पन्नाकाकांची शेव मागे नाल्याकडे तळली जाऊ लागली, ती कुणाला दिसेना आणि वासही नाल्याचाच यायचा. रस्त्याकडचे आठ गाळे अजून बंद होते. ते कुणाचे, विचारलं तर उत्तर मिळायचं, प्रक्रिया चालू आहे.

अशात श्रावण आला आणि कानबाई बसायच्या आदला शनिवार आला. आमच्याकडे कानबाई देवीच्या रोटांचं, नैवेद्याच्या जाड पोळ्यांचं, दळण म्हणजे वर्षातलं सगळ्यांत सोवळं काम. घरातल्या माणसागणिक मुठी मोजून गहू घ्यायचा आणि तो दुसऱ्या कशात मिसळू द्यायचा नाही. आबा त्या दिवशी गिरणी धुवून काढायचे, दगड पुसायचे, हळदकुंकू वाहायचे. आणि रोटाचं दळण गड्याच्या हाती पाठवायचं नाही, घरातल्या मोठ्या बाईनं स्वतः न्यायचं, मग ती कुणाचीही आई असो. त्या शनिवारी जिन्यावर बायांची रांग लागली होती. मी वर आबांना हातभार लावत होते. तेव्हा रांगेतून वाट देत देत बायांनी एका म्हाताऱ्या बाईला वर आणलं. भाऊसाहेबांची आई, सगळ्या गावाची अक्का. गुडघ्यांनी पार गेलेली. डबा कुणाला धरू देत नव्हती. शेवटच्या पायरीवर ती बसलीच, धापा टाकत, आणि तिथूनच ओरडली, "अरे भाऊ, हाई गिरणी आठे वर कोनी चढाडी?"

मी तिला पाण्याचा तांब्या दिला आणि म्हटलं, "मन्हा हातमा वरली चिठ्ठी उनी, अक्का."

ती पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि माझ्याकडे अगदी मायेनं बघत म्हणाली, "मंग दुसरं काय यी वं, बाई? चिठ्ठ्यास्न्या घड्या मीच करी व्हत्यात, झोकावर बठीसन. बारा. रस्तावरला आठ त्यानी लिख्याच नहीत. म्हने, माय, त्या ऱ्हाऊ दे."

तिला आपण काय बोललो ते कळलंच नव्हतं. तिच्या लेखी तिनं पोराच्या कामात मदत केली होती, शेंगा सोलाव्यात तशी. गिरणीचा आवाज होता म्हणून खालच्यांना ऐकू गेलं नाही, पण वरच्या पाचसहा जणींनी ऐकलं आणि त्यात रुक्माबाई होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, ह्या वेळी मान वळवली नाही. मला वाटलं आता आबा मोटर बंद करतील, अक्काचा डबा तिच्यापुढे ठेवतील, काहीतरी म्हणतील. आबांनी मोटर बंद केली खरी. मग फडकं घेऊन पुन्हा दगड पुसले, आधीच्या दळणाचा कणही राहू नये म्हणून नळी झटकली, अक्काचा गहू ओतला आणि बटण दाबलं. माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, दळू नका म्हणून. ते दगडाकडे बघतच म्हणाले, "रोटनं दळण शे ते. परत लावता येस का?"

पीठ तयार झालं आणि त्यांनी स्वतः डबा घेऊन अक्काला हाताला धरून खाली पोचवलं. आजही मला ते आठवलं की दात ओठ खावेसे वाटतात. भाऊसाहेबांवरचा राग समजू शकते. तो सरळ राग आहे. पण माझ्या बापाच्या त्या सज्जनपणावर मी जास्त चिडले होते आणि अजून चिडते. सगळं गाव असंच सज्जन होतं. वरच्या पाचसहा जणींनी रात्रीच्या आत अख्ख्या गावाला सांगितलं असणार, दुसऱ्या दिवशी कानबाई बसली, रोट झाले, सोमवारी वाजत गाजत विसर्जन झालं आणि भाऊसाहेब सगळ्यांत पुढे नाचत होते.

मंगळवारी शाळेतून मी खडू आणला. संकुलाच्या दर्शनी भिंतीवर काळ्या दगडाची पाटी होती, भाऊसाहेबांच्या नावाची. तिच्याखाली भरदुपारी, लोकांदेखत, मी मोठ्या आकड्यांत लिहिलं: २० − १२ = ८. बाकी काही नाही. पालिकेच्या शिपायानं ते पुसलं. बुधवारी मी पुन्हा लिहिलं. लोक थांबून वाचायचे आणि पुढे जायचे. गुरुवारी आबांना पालिकेत बोलावणं आलं. परत आले ते सरळ माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझ्या तोंडात मारली. आयुष्यात एकदाच. गालावर पिठाचा पंजा उठला होता, तो आईनं पदरानं पुसला. आबा म्हणाले, "टाळ्या बठ्ठ्यास्नी वाजाड्यात. तू बी, मी बी. आते लिखीसन काय व्हई?" आणि मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांच्याजवळ गेले नाही.

दिवाळीच्या सुमारास रस्त्याकडचे आठ गाळे उघडले. कुणाचे ते सांगायला नको. आमच्या बरोबर खाली औषधाचं दुकान आलं, आणि त्यानं तक्रार केली की गिरणी चालू झाली की बाटल्या फळीवर वाजतात. पालिकेची नोटीस आली, इमारतीला धोका असल्यानं वरच्या मजल्यावर यंत्र चालवू नये. ज्यांनी यंत्र वर पाठवलं त्यांचीच सही होती. दगड पुन्हा दोरानं उतरले, ह्या वेळी तीनच माणसं मदतीला आली. बसस्टँडजवळ नवी गिरणी निघाली होती, तिथं आबा दुसऱ्याच्या नोकरीत दुसऱ्याच्या दगडावर दळू लागले. आमच्या भाकरीचं पीठ वाण्याकडून यायला लागलं. डबे चौकातून गेले, मग बाया गेल्या. रुक्माबाईनं वर्षभरात गाळा बंद केला. पन्नाकाका साक्रीला मेव्हण्याकडे गेले. वरच्या मजल्यावर पारवे राहायला आले. आणि आता म्हणे चौक ओसाड का पडला ह्याचा पालिकेनं बाहेरच्या तज्ज्ञांकडून अहवाल मागवला. अहवालात लिहिलंय, नागरिकांची बदललेली जीवनशैली.

गेल्या रविवारी मी सोडतीला गेले. चौक ओळखू येत नाही. कडुनिंब आहे, ओटा नाही. जमिनीवर रंगीत फरशा, लाल बदामासह गावाचं नाव लिहिलेला सेल्फी पॉइंट, आणि भिंतीवर एक भलंमोठं चित्र: नऊवारीतली बाई जात्यावर दळतेय. त्या भिंतीपुढे मी पाच मिनिटं उभी राहिले, हात पाठीमागे धरून. मंच होता, सनई होती, मुख्याधिकारी होते. पुढच्या रांगेत अर्ज केलेले लोक बसले होते, त्यात मंगल होती, बचत गटाची. तिच्या गटाला चौकात गिरणी टाकायची आहे म्हणून ती मला आधी घरी भेटून गेली होती. मंचावर मडकं ठेवलं होतं, त्यावर चुन्यानं वारली चित्रं काढलेली.

माझं नाव पुकारलं. मी उठले, मडकं उचललं आणि टेबलावर पालथं केलं. चिठ्ठ्या पसरल्या. मी त्या मोजल्या, मोठ्यानं, माईकवर. अकरा. पुन्हा मोजल्या. अकराच.

"गाळे किती?" मी विचारलं.

मुख्याधिकारी खाली वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, कोपऱ्याचे तीन... त्यांचं नंतर ठरेल. वरून तसं सांगितलंय." त्यांचा चेहरा लाल झाला होता. मुलगा वाईट नाही. भाऊसाहेबही वाईट दिसत नव्हते. मी म्हटलं, मोठ्यानं सांगा, मला कमी ऐकू येतं. मला व्यवस्थित ऐकू येतं. खाली चुळबुळ सुरू झाली. मागच्या बाजूला कुणीतरी घाईनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, कार्यक्रम पुढे सरकावा म्हणून, आणि मी ज्या आवाजात पस्तीस वर्षं वर्ग गप्प केले त्या आवाजात म्हणाले, "टाळ्या बंद." तेवढ्यात मंगल उभी राहिली. "मॅडम, आमले कोपराना गाळाच लागस. दळणना डबा ठेवाले ओटा लागस, बाया कोठे बठतीन?" तिच्या मागे आणखी चार बाया उठल्या. मग पन्नाकाकांचा नातू उठला.

मी खुर्ची ओढून मंचाच्या मधोमध बसले आणि सांगितलं, तीन चिठ्ठ्या लिहा. त्या लिहून होईपर्यंत मी इथून उठत नाही, आणि मला आज घरी काही काम नाही. मुख्याधिकाऱ्यांनी बाजूला जाऊन फोन केला, बराच वेळ बोलले, परत आले. उन्हं चढली होती, कुणी उठून गेलं नाही. शेवटी त्यांनी शिपायाला कागद आणायला पाठवलं. तीन आकडे लिहिले गेले. घड्या मी घातल्या आणि सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा मडक्यात टाकल्या.

मग ते म्हणाले, मॅडम, आता तरी हात घाला. मी म्हटलं, माझा हात नाही. एक पोर बोलवा. सहावीतली एक मुलगी वर आली, नव्या फ्रॉकमध्ये, लाजून लाल झालेली, आणि हात मडक्यात घालायला लगेच पुढे झाली. मी तिचा हात धरला. मडकं पुन्हा टेबलावर पालथं केलं आणि माईक तिच्या तोंडापुढे धरला.

"आधी मोज," मी म्हटलं.

तिनं आईकडे पाहिलं, मग चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं मोजायला लागली.